बुडाला लागलेलं

मित्रांनो, मी एक जुना तळ आहे. कशाचा म्हणाल, तर मातीच्या हंडीचा. बाकीची हंडी कुठे गेली ते मला विचारू नका. हजारो वर्षं झाली, एकमेकांची खबरबात नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एका बाईने ओली माती बोटांनी दाबून दाबून मला घडवलं. रोज विस्तवावर बसणं हे माझं काम. आतल्या अन्नाचं कौतुक व्हायचं, पण चटके खाणाऱ्या तळाकडे कोण बघतं? एकदा अन्न बुडाला लागलं, म्हणजे मलाच लागलं. हंडी तडकली आणि आमची रवानगी उकिरड्यावर झाली. वर माती साचत गेली. करपल्याचं काळं पुट अंगावर घेऊन मी तसाच पडून राहिलो.

मग खोदकाम करणाऱ्या एका मॅडमनी मला ब्रशने अलगद मोकळं केलं. पुट पाहून त्या अक्षरशः नाचल्या. इथली जुनी माणसं नुसती शिकार करत भटकत नव्हती, धान्य पिकवून, गुरं पाळून राहत होती, असं त्या कधीपासून सांगत होत्या. पण पुराव्याशिवाय कोण ऐकतो? त्या लोकांनी काय शिजवलं, हे माझ्या पुटातून कळणार होतं. म्हणून बाकीची खापरं धुऊन वाळत घातली आणि मला न धुता टेबलावर वेगळं ठेवलं. मी तर फुशारून गेलो.

तिथेच घात झाला. मॅडमची आई लेकीकडे खोदकामाच्या छावणीवर राहायला आली होती आणि स्वच्छतेच्या बाबतीत ती भारी कडक.

"सगळी भांडी घासली आणि करपलेलं तेवढं ठेवून दिलं! काय पण माणसं कामाला ठेवलीत," असं पुटपुटत तिने तारेची घासणी उचलली. मी आतल्या आत ओरडत होतो.

मॅडम धावत आल्या. "आई! अगं, काय केलंस हे?"

"काय केलं? घासलं. चिवट आहे मेलं, अर्धंच निघालं."

"त्याच पुटासाठी मी इतकी वर्षं माती उकरतेय गं!"

आईच्या हातातली घासणी गळून पडली. "मला काय माहीत, तुमच्यात करपलेलं जपून ठेवतात," म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले.

उरलेलं पुट तपासलं. त्यात धान्य निघालं, दूध निघालं. मॅडमचं म्हणणं खरं ठरलं, मायलेकींचं गोड झालं आणि सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. मला काचेच्या कपाटात जागा मिळाली.

पण नाही निभावलं, मित्रांनो! हंडी तडकली त्या दिवशी मला घडवणाऱ्या बाईचं लेकरू तापाने फणफणलं होतं. तिने एक कडू मुळी ठेचून हंडीत एका कडेला टाकली. ढवळणार तोच लेकराने डोळे फिरवले. ती सगळं टाकून धावली आणि मागे अन्न करपलं. मुळी पडली तिथेच चिकटली. घासणीने गेली ती नेमकी तीच कड. लेकरू वाचलं का, मलाही ठाऊक नाही.

ती माणसं धान्य आणि दूध खात होती, हे आता पुस्तकात आलंय. एक आई लेकरासाठी धडपडली होती, हे कुठेच नाही. म्हणून सांगतो, जुनं काही सापडलं तर घासू नका, आधी विचारा. मला तोंड नाही. जे सांगायचं होतं ते माझ्या अंगावर होतं.