नऊ नंबरचा कोट

शेवटी नऊ नंबरचा कोट नव्या वॉचमनलाच मिळाला, आणि त्याच्या बाह्या टाकेबाईंनी स्वतःच्या हातांनी त्याच्या मापाला आणून दिल्या. पण तूर्तास असं काही झालेलंच नाही. सकाळचे साडेनऊ वाजलेत, कात्री टेबलावर आहे आणि टाकेबाईंच्या मनात चोरी आहे.

टाकेबाई म्हणजे इस्पितळाच्या शिवणखोलीतल्या बाई. चादरी, पडदे, एप्रन, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. वरच्या मजल्यावर सर्जनसुद्धा टाके घालत, पण त्यांचे आठ दिवसांत काढून टाकावे लागत. बाईंचे वीस वीस वर्षं टिकत. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत. फार तर वर्षातून दोनदा.

थंडी सरली की सगळ्या पहारेकऱ्यांचे लोकरी कोट शिवणखोलीत जमा व्हायचे. बाईंनी ते तपासायचे, डागडुजी करायची आणि डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवायचे. नियम असा, की तीन ठिकाणी फाटलेला कोट निकाली. निकाली कोट ठिगळांसाठी शिवणखोलीकडेच राहायचा आणि पुढे त्याचं काय झालं हे कुणी विचारत नसे. बाईंची चोरी ती हीच. नऊ नंबरचा कोट त्यांना निकाली काढून घरी न्यायचा होता.

तो त्यांच्या यजमानांचा. यजमान याच इस्पितळाच्या गेटवर एकवीस वर्षं वॉचमन होते. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका दुपारी जरा ऊन पडलं, म्हणून त्यांनी कोट चौकीतल्या खुंटीला अडकवला. कणकण वाटतेय म्हणून तसेच घरी आले, आणि चौथ्या दिवशी गेले. कोट खुंटीवरच राहिला. तो कुणाला काढता येईना, कारण ज्याच्या नावावर कोट, त्यानेच तो सहीनिशी जमा करायचा.

भांडारप्रमुखांना सगळे पाठीमागे ‘तीन प्रती’ म्हणत. माणूस सज्जन. अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी हजर होते आणि सगळ्यांपेक्षा जास्त रडले होते. पण वसंत लागल्यावर त्यांनीच जुन्या वॉचमनच्या नावे घरी पत्र धाडलं : आपण कोट जमा केलेला नाही, खुलासा करावा. उत्तर आलं नाही म्हणून महिन्याने स्मरणपत्र धाडलं. लेकीने ते दोनदा वाचलं.

"आई, कळवू या का, बाबांना सध्या जमण्यासारखं नाही म्हणून?"

मग बाईंना असं काही हसू फुटलं, की त्यांना कपाट धरून उभं राहावं लागलं. ते गेल्यानंतर घरात हसण्याची ती पहिली वेळ.

वर्षभर जागा भरली गेली नाही. गेट सताड उघडं असायचं, तरी एक चमचाही चोरीला गेला नाही. चोरही दुखवटा पाळत असावेत. मग गेल्या सोमवारी नवा वॉचमन आला. पन्नाशीचा, बुटका, आधी बसचा कंडक्टर. कोट त्याच्या नावावर चढला आणि तीनच दिवसांनी जमा करायची तारीख आली. तो कोट हातावर टाकून शिवणखोलीत हजर झाला.

"हा घ्या बाई. तीन दिवस घातला नि लगेच जमा करा म्हणतात. सकाळी गेटवर दात वाजतात अजून."

"कागदावर वसंत लागलाय."

"कागदाला काय होतंय, तो फायलीत असतो."

कोट ठेवून जा, असं बाईंनी त्याला सांगून पाहिलं. पण तो पडला कंडक्टर. पावती घेतल्याशिवाय हलायला तयार होईना. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि वर बसला. त्या स्टुलावर एकवीस वर्षं एकच माणूस बसत आला होता.

यजमानांची बटणं फार पडायची. दर पंधरा दिवसांनी स्वारी दारात : एक बटण गेलं. मग स्टुलावर दहा मिनिटं बूड टेकायचं, गेटवरच्या गमती सांगायच्या, आणि बाई अंगावरच्याच कोटाला बटण लावत बडबडायच्या, बटणं खाता की काय म्हणून. भांडारप्रमुखांनीही एकदा हटकलं होतं, की एका कोटाला एवढी बटणं लागतात म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. बाईंना तेव्हा फार अपमान वाटला होता. आपलं बटण सुटतं हेच त्यांना पटत नसे.

त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि कुठं फाटलंय ते शोधायला घेतलं. आतल्या खिशाचा कोपरा उसवला होता. हे एक. कोपरावर वीतभर फाटलं होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं, पण त्यांनीच केलेलं रफू इतकं बेमालूम होतं की ते आता त्यांनाच सापडेना. कॉलरचं तेच, काखेतलं तेच. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना स्वतःच्या कामाचा राग आला. दोन ठिकाणी कात्री चालवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"पावतीवर साहेबांची सही लागते," त्या म्हणाल्या. "तीन प्रती घेऊन या."

वॉचमन गेला. बाईंनी कात्री उचलली. निदान दिसणार नाही अशा जागी, अस्तराला कापावं, म्हणून त्यांनी खालची कड चाचपली. आत काहीतरी टणक लागलं, एक नव्हे, बरीच. उसवलेल्या खिशातून ती आत घसरून कडेला साचली होती; दरवर्षीच्या तपासणीत ही कड कधी चाचपावीच लागली नव्हती. बाईंनी कात्रीच्या टोकाने चार टाके उसवले आणि टेबलावर बटणं ओघळली. मूठभर, काळी, चार भोकांची, सगळी याच कोटाची.

त्यांनी एक उचलून चष्म्याजवळ धरलं. दोरा अजून भोकांतच होता. आपोआप तुटलेला दोरा टोकाला पिंजतो. हा पिंजला नव्हता. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळे दोरे ब्लेडने कापलेले, सरळ, नीटनेटके.

ताकाला येऊन भांडं लपवणारा माणूस. एकवीस वर्षं.

बाई स्टुलावर जाऊन बसल्या. तिथून शिवणयंत्रावर वाकलेलं माणूस बाजूने दिसतं, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वॉचमन परत आला तो भांडारप्रमुखांना घेऊनच. बाईंनी बटणं मुठीत घेतली. भांडारप्रमुखांनी आधी कोटाकडे पाहिलं, मग कात्रीकडे, मग छताकडे.

"निकाली ना बाई?" ते हळूच म्हणाले. "तुम्ही तीन म्हणालात तर मी काही मोजायला बसत नाही."

ज्या माणसाने मेलेल्याकडून खुलासा मागवला होता, तो हे बोलत होता. यापेक्षा मोठं काही त्याच्याकडे देण्यासारखं नसावं. नव्या वॉचमनने बाहीला नाक पुसलं. गेटवर सकाळी खरोखरच गार असावं.

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "खिशाचा कोपरा. शिवते आत्ता."

मग त्यांनी वॉचमनला कोट घालून पाठमोरं उभं राहायला सांगितलं. यजमान चांगले उंच होते. कोट याच्या पोटऱ्यांपर्यंत आला आणि मागून असं वाटलं, की हे गुडघ्यांवर उभे राहून माफी मागताहेत. बाईंनी मनातल्या मनात ती दिली आणि बाह्यांना टाचण्या लावल्या. बाह्या कापल्या नाहीत, आत दुमडून शिवल्या. पुढचा वॉचमन उंच आला तर?

"बटणं पक्की आहेत ना बाई?"

"माझी बटणं पडत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा हे पुराव्यानिशी म्हणाल्या.

कोट पेटीत गेला. बटणं पर्समध्ये गेली. कागदोपत्री ती केव्हाच हरवलेली असल्यामुळे ती घरी नेण्यात कसलाही गुन्हा नव्हता. संध्याकाळी लेकीने ती काचेच्या बरणीत भरली आणि कानाशी धरून खुळखुळवली.

"बाबांनी जन्मात एवढी एकच चोरी केली."

"तीही गेट सोडून येऊन," बाई म्हणाल्या, आणि दोघी जेवायला बसल्या. बाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिवणखोलीची खिडकी उघडली. समोर गेट. गेटजवळच्या झाडाला पालवी फुटली होती आणि झाडाखाली नवा वॉचमन नुसत्या शर्टावर, हात काखेत घालून उभा होता. कोट पुन्हा गेटवर दिसायला आठ महिने होते. बाईंनी बोटातलं अंगुस्तान काढून ठेवलं, कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत लिहिलं :

प्रति,
मा. भांडारप्रमुख यांस

विषय : हिवाळा वेळेआधी सुरू करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी नम्रपणे कळवण्यात येते की, कोट क्र. ९ दुरुस्त करण्यात आला असून तो सुस्थितीत आहे. गेटवर सकाळी अद्याप गारवा असतो. तसेच सदर कोट शिवणखोलीच्या खिडकीतून दिसतो. तरी चालू वर्षीचा हिवाळा शक्य तितक्या लवकर, सोयीचे असल्यास येत्या सोमवारपासूनच, सुरू करण्यात यावा, ही विनंती.