डांबर लागलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. आज जेमतेम हातभर उरलो आहे, पण एके काळी मी चौदा मीटर लांब होतो आणि माणसं माझ्या आधारानं थेट छतापर्यंत जात.

पिरेअस बंदरातल्या दोरवाल्यांनी मला वळलं. ते पाठमोरे चालत पीळ देत जातात. माझे भाऊ जहाजांवर गेले. मला मात्र बंदरावरच्या व्यायामशाळेनं नेलं, कारण त्या वसंतात अथेन्समध्ये देशोदेशींचे खेळाडू जमणार होते आणि दोरावर चढणं हाही एक खेळ होता.

त्या काळी एका गड्याला एक खेळ पुरत नसे. सकाळी कुस्ती खेळलेला दुपारी थाळी फेकी आणि संध्याकाळी समुद्रात उतरे. लांब्रोस त्यातलाच. दिवसभर तो होड्यांच्या फटींत ताग ठोकून वर डांबर भरायचा आणि मग माझ्याकडे यायचा. पाय समोर ताठ धरून, नुसत्या हातांवर वर जायचा. इतका वेळ ओझं वाहून दमलेला माणूस एवढा हलका कसा होतो, हे मला आजही कळलेलं नाही.

व्यायामशाळा दर खेळाला एकच माणूस पाठवणार होती. लांब्रोसला चढाई आणि पोहणं दोन्ही हवं होतं. निवड लागोपाठ दोन दिवस होती. शनिवारी दोर, रविवारी समुद्र.

शुक्रवारी दुपारी त्याचे वडील सिदेरिस आले. म्हातारे जुने खलाशी. मला डांबराविना कोरा पाहून त्यांचा जीव वरखाली झाला. त्यांनी बादलीभर ऊन डांबर आणलं आणि लहान मुलाला तेल चोळावं तसं मला नखशिखान्त चोळलं.

शनिवारी व्यायामशाळेच्या झिसिमोस मास्तरांनी मला धरलं आणि त्यांचा हात सुटेना.

"हे कुणी केलं? दोर टांगलाय की माश्या धरायचा सापळा?"

"मी केलं," सिदेरिस छाती काढून म्हणाले. "चाळीस वर्षं पाण्यावर काढलीत, मास्तर. डांबराचा दोर दगा देत नाही."

"अहो, हा जहाजावर नाही, छताला टांगलाय!"

"मग काय झालं? माझा मुलगा लटकणार आहे त्याला."

दुसरा दोर नव्हता. आधी चढलेले दोघे गडी अर्ध्यावरून तळवे फुंकत उतरले. मग लांब्रोस आला. प्रत्येक पकडीला त्याच्या तळहाताची साल माझ्यावर राहत होती. त्याचे पाय मात्र तसूभर खाली आले नाहीत. छताशी पोचून त्यानं घंटा वाजवली.

"पाहिलंत?" सिदेरिस खालून ओरडले.

लांब्रोस उतरला आणि त्यानं मुठी मिटून घेतल्या. "झकास धरतो, बाबा," एवढंच तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. "ही चढाई धरता यायची नाही. असा दोर नियमात बसत नाही. मंगळवारी नव्या दोरावर पुन्हा."

मंगळवारपर्यंत ते हात भरून येणार नव्हते. आता त्याच्यापाशी फक्त समुद्र उरला.

रविवारी पाणी बर्फासारखं होतं. पोहणाऱ्यांनी अंगाला चरबी फासली. होडीनं त्यांना आत नेऊन सोडलं. तिथून किनारा गाठायचा. होडी त्यांच्या सोबतीनं चालली होती आणि चढाईला निकामी ठरलेला मी तिच्यामागे पाण्यात तरंगत होतो. दमून जो मला धरील तो वाचणार, पण बाद होणार. माझं दुसरं टोक होडीत बसलेल्या सिदेरिसांच्या हातात होतं.

अर्ध्या वाटेवर दोघांनी मला धरलं. लांब्रोस पोहत राहिला. लाटेसरशी मी त्याच्या खांद्याला लागणार, एवढ्यात तो अंग चोरून बाजूला झाला. त्याचा हात पाण्यावर आला, तळवा उघडा पडला आणि वडिलांनी तो पाहिला. सोललेला, लालभडक, वर खारं पाणी.

"लांब्रोस! हे मी केलं का रे?" म्हातारा होडीच्या काठावरून वाकला. "धर दोर! पुरे झालं, पोरा!"

"ओढून घ्या तो वर!" लांब्रोस पाणी थुंकत ओरडला. "पुन्हा चिकटलो तर?"

सिदेरिसांनी मला होडीत ओढून घेतलं. मुलानं मारलेल्या पुढच्या प्रत्येक हातासरशी त्यांची बोटं माझ्यात रुतत होती. लांब्रोस किनाऱ्याला सगळ्यांच्या आधी लागला.

मित्रांनो, त्या मोठ्या स्पर्धेत तो पोहला. कितवा आला, हे कुणी लिहून ठेवलं नाही. पण मी त्याचे हात अनुभवले आहेत.

सिदेरिसांनी तो सबंध उन्हाळा मला वाळूनं आणि तेलानं घासण्यात घालवला. डांबर गेलं नाही. पुढे ते गेले. मी व्यायामशाळेच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. शेवटी मला फेकायला काढलं तेव्हा लांब्रोस आला. त्याचे केस पिकले होते. जुना दोर उकलून त्याचा ताग होड्यांच्या फटींत ठोकतात, तसं त्यानं मला उकलायला घेतलं. माझं बहुतेक अंग आज समुद्रावर आहे. हातभर उरलो तेव्हा तो थांबला. तिथं डांबरात दोन बोटांचे ठसे होते, त्याच्या वडिलांचे.

"एवढा राहू दे," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं मला खिळ्याला अडकवलं.

म्हणून तुम्हाला माझं एकच मागणं आहे. ज्याची काळजी घ्यायची, त्याला आधी विचारा. आणि कुणी न विचारताच डांबर फासलं, तर मूठ मिटण्याआधी एकदा त्याच्या बोटांकडे पाहा.