वारलेल्या कॅशियरचं गाणं

जेवणाची सुट्टी झाली, की सगळं ऑफिस डबे अर्धवट टाकून खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी गोळा व्हायचं. कारण तो गायचा. आणि आवाज थेट वारलेल्या कॅशियरचा! त्याच्या खुर्चीवर, याच कॉम्प्युटरपुढे, आता नवी टायपिस्ट बसायची. गाणं सुरू झालं, की सगळे तिच्याकडेच डोळे वटारून बघायचे.

शेवटी साहेबांनी बाबा आणला. बाबानं मशीनवरून हात फिरवला, डोळे फिरवले आणि ओरडला, "आत्मा हार्ड डिस्कमध्ये अडकलाय! चूप!"

गाणं खाडकन बंद. सगळ्यांचे हात जोडलेले.

"त्याला ही पोरगी खपत नाही. घालवा हिला."

"उद्या हिशेब करून जा," साहेब म्हणाले.

टायपिस्टनं मान वर केली. "माझं काम चुकलं असेल तर दाखवा, साहेब. भुताच्या सांगण्यावरून मी जाणार नाही."

स्टोअरवाले उचापती काका खूश झाले. दुसऱ्यांच्या खोड्या काढण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. दुसऱ्यानं काढलेली खोडी त्यांना लांबून कळायची. सगळे पांगल्यावर ते टायपिस्टला घेऊन मशीनपुढे वाकले. इयरफोनच्या भोकात पिन होती, वायर मात्र कापलेली.

"बघ, आवाज जातोय नसलेल्या इयरफोनला! काय डोकंय बाबाचं!"

आत सापडली कॅशियरनं स्वतः रेकॉर्ड केलेली गाणी, आणि जेवणाच्या वेळी ती वाजवणारं अलार्मचं सॉफ्टवेअर. त्या ऑफिसात नव्या माणसाला खुर्ची पुसून द्यायचे. कॉम्प्युटर कोणीच पुसायचं नाही.

साहेबांचा पासवर्ड त्यांच्याच मॉनिटरला चिकटवलेला. काकांचे हात शिवशिवले.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेसाठी बाबा साहेबांच्या केबिनमध्ये टेकला, आणि साहेबांचाच कॉम्प्युटर गायला लागला!

"बाबा, वाचवा!" साहेब टेबलामागे.

"अरे रे," काका दारातून म्हणाले, "आता त्याला साहेब खपत नाहीत. साहेब, उद्या हिशेब करून जा!"

"चूप!" बाबाचा हात मशीनकडे गेला. काकांनी मनगट पकडलं, मूठ उघडली. आत तशीच कापलेली पिन.

गाणं चालूच राहिलं. बाबा मात्र चप्पल विसरून पळाला.

टायपिस्टनं गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन कॅशियरच्या बायकोला दिली, दोन्ही मशीनं साफ केली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. ऊठ म्हणायला साहेबांना तोंडच नव्हतं.

काका सगळ्यांना म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी भरतं तेच बाहेर येतं. बाबांचंही तसंच, तुम्ही भरता म्हणून ते बोलतात. पुढच्या वेळी हात जोडायच्या आधी तेच हात मशीनमागे घालून बघा की!"