पॅनेलभोवतीचे पत्रे

ऊन डोक्यावर आलं की टेलरबाईंची इस्त्री मान टाकायची. सकाळी सगळी मशिनं आणि इस्त्री एकदम चालत. भर दुपारी मात्र इस्त्री लावली की इन्व्हर्टर शिट्टी मारून सगळंच बंद. ऊन जास्त तर वीज जास्त, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग दुपारी ती जाते कुठे?

खाली जाते, असं बाईंचं ठाम मत होतं. खाली धाकट्या दिराचं वेल्डिंगचं दुकान. गच्ची सामाईक, पण वरची सोलर पॅनेलं बाईंच्या नवऱ्याने, जाण्याआधी, हौसेने बसवलेली. आणि दीर रोज दुपारी गच्चीवर जायचा. का, हे बाईंनी कधी विचारलं नाही. चोर थोडाच सांगणार?

"मशिनं थांबली की खाली ठिणग्या उडतात बघ," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, ठिणग्या दिवसभर उडतात."

"तू गप्प बस. काकाची लाडकी!"

शेवटी वायरला कुणाचा हात लागू नये म्हणून बाईंनी पॅनेलांखालची जागा चारही बाजूंनी पत्रे ठोकून बंद करून घेतली, एका बाजूला पत्र्याचं दार ठेवून त्याला कुलूप घातलं. दीर जिन्यात भेटला.

"वहिनी, खालून हवा खेळू द्या. तापतील ती."

दुखलं वाटतं पोटात, बाई मनात म्हणाल्या.

पण त्यानंतर दुपारची वीज आणखीच उतरली. इस्त्री राहू द्या, मशिनंही धड चालेनात. म्हणजे याने दुसरी किल्ली करून घेतली! बाई हातातली शिलाई टाकून तडक वर गेल्या. कुलूप शाबूत होतं. दार उघडताच भट्टीसारखी झळ तोंडावर आली. वायर बघायला वाकताना त्यांनी आधाराला पॅनेलची चौकट धरली आणि किंचाळल्या.

दीर धडाधडा जिने चढून आला. आधी त्याने त्यांना हात बादलीतल्या पाण्यात धरायला लावला, मग पत्रे उचकटायला लागला.

"पॅनेलला उजेड हवा, वहिनी, उष्णता नको. जितकं तापेल तितकी वीज कमी. थंडीत, चांगल्या उन्हात, कधी बंद पडली तुमची इस्त्री?"

पडली नव्हती. पण बाईंचं मन ऐकेना.

"मग तुम्ही रोज वर येऊन काय करायचात, भाऊजी?"

तो ओशाळला. "डबा खायचो. पॅनेलखाली सावली असते, वारा लागतो. दादा होता तेव्हा आम्ही दोघं इथेच बसायचो."

बाईंना मान वर करवेना.

पत्रे निघाले, खालून वारा वाहू लागला. ऊन अजून कडकच होतं, तरी थोड्या वेळाने मशिनं पुन्हा धड चालू लागली; इस्त्री मात्र बाईंनी सकाळवर ठेवली.

"काकाला काय म्हणालीस?" लेकीने विचारलं.

"चुकलं म्हटलं. आणखी काय म्हणणार?"

लेक आत गेली. बाईंनी गच्चीच्या कठड्यापासून खिडकीपर्यंत वायर एकदा नजरेने तपासलीच. ती सरळ त्यांच्याच खोलीत येत होती.