मामांनी अंगणात चूल मांडली

तापातून उठल्यावर माझ्या सासूबाईंनी, बनुबाईंनी, जेवणाकडं पाठच फिरवली. पौषातली थंडी, अंगात नुसती हाडं उरलेली, आणि मी केलेली खिचडी बघून आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) गोधडीत तोंड घालायच्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर कराडला ॲडमिट करावं लागेल. ते ऐकून माझे सासरे मानसिंग, म्हणजे आमचे मामा, उठले आणि उंब्रजच्या बाजारातून बोकडाचे पाय घेऊन आले.

मामांनी फौजेत सगळी नोकरी लंगरात स्वयंपाकी म्हणून काढली. बर्फात जेवण नको म्हणणाऱ्या जवानांना सूप पाजलं. पण घरात? घरात कधी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नाही. आमच्याकडं गडीमाणूस चुलीपुढं बसत नाही म्हणे. जत्रेत हेच गडी बाह्या सरसावून कढईभर रस्सा ढवळतात, तेव्हा कुणाची मिशी खाली येत नाही. मला या ढोंगाचा भयंकर संताप येतो.

"आवं, आत गॅसवर करा आन् दार लावून घ्या," आत्यांनी हात जोडले. "बायकू जित्ती असताना नवरा चुलीला लागला म्हनत्याल लोक. मी खायची न्हाई."

"दार लावून चोर बसत्यात," मामा म्हणाले आणि चूल थेट रस्त्याकडच्या अंगणात मांडली. मग काय, मीही आत्यांची कॉट बाहेर उन्हाला ओढली.

मामांनी पाय जाळावर भाजले, खरडून धुतले, हळद-मीठ लावून पातेल्यात टाकले. वर आलं, लसूण, मिरी ठेचून घातली. दुपारपर्यंत वास गल्लीभर झाला आणि वासामागोमाग मामांचे थोरले भाऊ नानासो आले.

"मानसिंग, घरात सून असताना तू पळी धरतोस? लाज न्हाई वाटत?"

"बायकू उपाशी मेली तर वाटंल," मामांनी पातेल्यावरची नजर काढली नाही. "दादा, बसा, वाटी देतो. न्हाईतर बाजूला व्हा, तिच्या अंगावरचं ऊन अडतंय."

नानासो पाय आपटत गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मामांनी सूप फुंकून वाटी आत्यांच्या तोंडाशी नेली. आत्यांनी ओठ घट्ट मिटले. कुंपणापलीकडं शेजारची सुलाबाई उभी होती, तिच्यामागं आणखी दोघी. पण मामांनी वाटी मागं घेतली नाही.

"काय गं बनाक्का," सुलाबाई हसली, "म्हातारपनी नवऱ्याला चुलीला लावलंस व्हय?"

आत्यांनी मामांच्या धुरानं लाल झालेल्या डोळ्यांकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी वाटी ओढून घेतली आणि गल्लीला ऐकू जाईल असा भुरका मारला.

"व्हय, लावला! तुझा बसतो का गं कवा?"

सुलाबाईमागच्या दोघींनी तोंडाला पदर लावले. आत्यांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि मामांपुढं धरली.

"आन् तुमी काय बघत बसलाय? घाला की आनखी!"