कसामाचा भात

"अरे, थांब, थांब! पोटा कुठं टाकून राहिला गा?"

शोभाताईंचा आवाज असा चढला की वाडी नाक्यावरच्या ट्रकांचे हॉर्नही काही क्षण फिके पडले. साहिलचा हात हवेतच थांबला. कोंबडीच्या पोटातून निघालेला तो जांभळट, घट्ट गोळा तो टोपल्यात भिरकावणारच होता आणि दुकानापुढं ताटकळलेलं कुत्रं त्याच आशेवर बसलं होतं.

"मॅडम, तुमी दरसाल पंचवीस तारखेले येता आन् दरसाल याच्याच पायी भांडता," साहिल म्हणाला. "लय कडक राहते थो. कोनी मागत नाही."

"मग दरसालचं ध्यानात काहून ठेवत नाही? आतली पिवळी साल नीट काढ. आन् अख्खा ठेव, कापू नको."

पुन्हा पुन्हा तीच चूक करणाऱ्या पोराकडे पाहावं तशा शोभाताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. पोटा डोळ्यांदेखत पिशवीत पडला तेव्हाच त्या तिथून हलल्या. चौसष्ट वर्षांच्या या बाईनं आयुष्यभर गणित शिकवलं होतं आणि कुणाच्याही हिशोबावर विश्वास ठेवायचा नाही, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

घराच्या वाटेवर संत्र्यांची गाडी उभी होती. तिथं घासाघीस करणाऱ्या शेजारच्या पुष्पलतानं पिशवीकडे नजर टाकली आणि विचारलंच, "काय वं ताई, नाताळ का? तुमी किरिस्ताव तं नाही झाल्या ना तिकडे?"

"नाही वं. सवय हाय आपली."

सवय. हा शब्द शोभाताईंना अठरा-एकोणीस वर्षं पुरला होता. नवऱ्याची, आता हयात नसलेल्या रुपरावांची, मिल बंद पडली आणि पेपरात जाहिरात आली की आफ्रिकेत, झांबियात गणिताचे शिक्षक हवेत. शोभाताई गेल्या. रुपराव कामाच्या शोधात कधी भिलाईला, कधी बुटीबोरीला, म्हणून आठ वर्षांची काजल खापरखेड्याला मामाच्या, गोपाळरावांच्या, क्वार्टरमध्ये राहिली. दोन वर्षांचा करार वाढत वाढत नऊ वर्षांचा झाला. शोभाताई कायमच्या परतल्या तेव्हा काजल सतरा वर्षांची होती आणि आईला "बस ना" म्हणून खुर्ची देत होती, पाहुण्यांना देतात तशी.

तेव्हापासून दर नाताळाला त्या हा एकच पदार्थ करत. टोमॅटो, कांदा, मीठ, त्यात शिजलेली कोंबडी आणि पांढरा भात. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: तिकडे नाताळात शाळा बंद, सगळे आपापल्या गावी. मग मी एकटीच हे करून खात होती आन् रडत होती. काजल या गोष्टीवरच मोठी झाली होती. आईविना काढलेल्या नऊ वर्षांच्या बदल्यात तिला एवढंच मिळालं होतं, की आईही तिकडे सुखात नव्हती.

आणि ती गोष्ट साफ खोटी होती.

स्वयंपाकघरात आज काजलही होती. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ती मालाच्या पावत्या, बिल्ट्या, बनवायची आणि आज तिला सुट्टी होती. दिवाळीपासून तिच्या नवऱ्याचं, सुशीलचं गोदामातलं काम सुटलं होतं. घर काजलच्या पगारावर चालत होतं, पण ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवत नसे. सुशील स्वभावानं गरीब. तो दारातून डोकावून म्हणाला, "आई, थोडा मसाला तं टाका. नागपुरात असं फिकं चिकन! सावजीवाल्यानं पाह्यलं तं रडन."

"जावईबापू, एक दिवस जिभेले आराम द्या."

शोभाताईंनी तांदूळ धुवायला घेतले आणि मन कधीच तिकडे पळालं. झांबियातल्या त्या गावी, कसामाला, डिसेंबरात आंबे पिकतात. हे इकडे सांगितलं तर लोक हसतात, पण खरंच पिकतात. शाळेच्या पत्र्यावर आंबा पडला की सगळा वर्ग दचकायचा. धो धो पाऊस असायचा. नाताळाच्या सकाळी नवे कपडे घातलेली पोरं बूट हातात धरून चिखलातून अनवाणी चर्चला जायची आणि दारात पाय धुऊन बूट चढवायची. रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भात फक्त नाताळाला. म्हणून भाताचा वास आला की सगळी गल्ली हसायला लागायची. शोभाताईंनी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि स्वतःशीच हसल्या. मग काजल बाजूलाच आहे हे आठवून त्यांनी तोंड सरळ केलं. अशी चोरी त्या कित्येक वर्षं करत आल्या होत्या.

"आई! ये आई! पाय वं, आजी नाचून राहिली!"

बारा वर्षांची खुशी आजीचा फोन घेऊन धावत आली. फोटो मुतालेनं पाठवला होता. ही मुताले शोभाताईंची विद्यार्थिनी, आता स्वतःच तिकडे शिक्षिका. जुन्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो होता तो. भरपावसात एका अंगणात बायका नाचत होत्या आणि मधोमध शोभाताई. साडीवर कमरेला तिकडचं रंगीत कापड गुंडाळलेलं, पाय अनवाणी, केस निथळणारे, डोकं मागं टाकलेलं आणि तोंड भरून हसू. दाढासुद्धा दिसत होत्या.

काजलनं हात पुसून फोन घेतला. फोटोच्या कोपऱ्यात जुन्या कॅमेऱ्यात उमटायची तशी नारिंगी आकड्यांत तारीख होती. ती तिनं बोटांनी मोठी करून पाहिली. पंचवीस डिसेंबर, दोन हजार एक.

"खुशी, बाबाले म्हण, कोथिंबीर आना. तूबी जा त्याच्यासंगं."

खुशी गेली. काजलनं गॅस बारीक केला.

"त्या दिवशी तं पावसानं फोनच्या लायनी पडल्या होत्या म्हने तू."

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पाऊस तर फोटोतही दिसत होता. एवढ्या वर्षांचं खोटं आयतं तयार होतं, फक्त मान हलवायची होती. पण फोटोतली ती बाई दात काढून हसत होती आणि तिच्यासमोर शोभाताईंना खोटं बोलता येईना.

"नाही पडल्या," त्या म्हणाल्या. "फोन त्याच घरात होता. शाळेच्या हेडबाईच्या बैठकीत. तिनं दोनदा म्हटलं, मुलीशी बोल. मी नाही केला."

"काहून?"

"तू दरवेळी रडे. कधी येतं, कधी येतं. मंग चार दिवस मले जेवण जात नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून मी हासून राहिली होती, काजल. मले थे मोडायचं नव्हतं. म्हटलं, एक दिवस. एकच दिवस आई नाही व्हायचं."

काजल ओट्याला टेकून उभी राहिली. ती अगदी हळू बोलली.

"मी पाच वाजतापासून एसटीडी बूथवर तुह्या फोनची वाट पाहत बसली होती. मामाले बाहेर उभं ठेवलं. त्याच्यासमोर कसं सांगू म्हणून. मले पयल्यांदा पाळी आली होती त्या दिवशी. मामी म्हने, आईचा फोन येईन तं तिलेच सांग. आठ वाजता बूथवाल्यानं शटर पाडलं."

शोभाताईंना हे माहीत नव्हतं. वहिनीच्या पत्रात पुढं कधीतरी एक ओळ आली होती, पोरगी मोठी झाली, काळजी करू नका. तो दिवस कोणता, हे विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं. त्यांनी काजलच्या पाठीवर ठेवायला हात उचलला आणि तो हळदीचा डबा उगाच सरकवण्यात घालवला.

"असं काय होतं वं त्या दिवशी?" काजलनं विचारलं. "एवढं हासाले?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. शोभाताई भाताकडे पाहत सांगू लागल्या.

"तिकडे कोंबडी कापली का पोटा घरच्या मोठ्या माणसाले देते. मानाचा राहते थो. बाईमाणसाले कोनी देत नाही. त्या दिवशी हेडबाईच्या म्हाताऱ्या आईनं थो माह्या ताटात ठेवला. मले वाटलं, चुकून पडला. मी उचलून हेडबाईच्या नवऱ्याच्या ताटात टाकला. आपल्याकडे सासरी नाही का, कलेजी, पोटा सगळं माणसाईले, आन् आपल्याले मान आन् पंख. सगळे एकदम चूप. म्हातारीनं परत उचलला, माह्या ताटात टाकला. म्हने, इंडियातलं तुह्यं घर कोन चालवते? मी म्हटलं, मी. म्हने, मंग खा."

भाताचं पाणी उतू जाऊन चुर्र झालं. शोभाताईंनी झाकण काढलं.

"इथं तं असं कोनी बोललंच नव्हतं. तुह्या बाबाले वाईट वाटन म्हणून मीबी नाही बोलली. मी थो खाल्ला आन् नाचली. दरसाल मी हा पोटा इथंच, वाढाच्या आधी, उभ्याउभ्या खाऊन टाकतो. तुमाले कोनाले दिसू देत नाही. मी तिकडे सुखात होती, काजल. तुह्यावाचून होती, पण सुखात होती. माफ कर म्हणाची बी माही हिंमत नाही."

सुशील आणि खुशी कोथिंबीर घेऊन आले, ती काजलनं निवडली, ताटं मांडली, पाणी घेतलं. तिच्या हालचालीत राग नव्हता आणि मायाही नव्हती. शोभाताईंना वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं होतं. खोट्यानं निदान घर तरी शांत राहिलं होतं.

जेवायला सगळे बसले. वाढायला शोभाताईच उभ्या होत्या. यंदा पोटा पातेल्यातच होता. त्यांनी तो चमच्यानं शोधून वर काढला, क्षणभर थांबल्या आणि काजलच्या ताटात भातावर ठेवला.

काजलचा हात सवयीनं उठला. पोटा उचलून तो सुशीलच्या ताटाकडे निघाला. शोभाताईंनी तिचं मनगट धरलं.

"तुहा हाय थो."

सुशील एकदा सासूकडे, एकदा बायकोकडे पाहत राहिला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं आपलं ताट किंचित बाजूला घेतलं आणि म्हणाला, "खा ना वं. तूच खा."

काजलनं पोटा तोंडात टाकला. पोटा चिवट. पटकन गिळता येत नाही. ती मान खाली घालून चावत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी भातावर पडलं.

खुशीला मात्र धीर नव्हता. तिच्या मांडीवर आजीचा फोन होता. "आजी, या मुतालेनं फोटोखाली लिवलं हाय, हॅपी ख्रिसमस बाना काजल. बाना काजल काय हाय?"

"बाना म्हणजे आई," शोभाताई म्हणाल्या. "तिकडे बाईले तिच्या नावानं हाक नाही मारत. थोरल्या लेकराच्या नावानं मारते."

"म्हणजे तुले सगळे काजलची आई म्हणत?"

"सगळेच. शिपायापासून हेडबाईपर्यंत. नऊ वर्षं."

काजलचं चावणं थांबलं. तिनं डाव्या हातानं खुशीकडून फोन मागून घेतला आणि पुन्हा तो फोटो पाहिला, या वेळी तारीख सोडून. आईचं ते हसू तिनं मोठं केलं, आणखी मोठं केलं. असं हसताना तिनं आईला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, तिले काय लिहू?" खुशीनं विचारलं.

काजलनं घास गिळला.

"लिही," ती म्हणाली, "काजल विचारून राहिली, अजून फोटो हायेत का म्हणा."

मग तिनं स्वतःचं ताट आईपुढं सरकवलं आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली. शोभाताई चमचा हातात तसाच धरून खाली बसल्या.