दोन-दोन खिळ्यांवरचे छप्पर

मित्रांनो, जोराचा वारा सुटला की तुम्ही मान वर करून पत्र्यांकडे बघता. त्या पत्र्यांखाली, वासा जिथे भिंतीवर टेकतो त्या कोपऱ्यात, मी असते. मी एक जुनी वादळपट्टी आहे. तळहाताएवढी लांब, मधेच पिळलेली, अंगभर भोके असलेली पोलादी पट्टी. माझे एक टोक वाशाला आणि दुसरे भिंतीच्या माथ्यावरच्या फळीला खिळ्यांनी जखडलेले आहे. छपराचे ओझे भिंती पेलतात. माझे काम उलटे आहे. वादळात वारा छपराखाली शिरून त्याला वर उचलू बघतो, तेव्हा मी त्याला खाली ओढून धरते.

कारखान्यात मला कापले, पिळले आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. मग जहाजाने मी डॉमिनिका बेटावर आले आणि राजधानी रोझोच्या बंदराजवळच्या एका दुकानात खोक्यात पडून राहिले. तिथून मला उचलले जोझाफाटने. तो वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या किनाऱ्यावरच्या एका गावातला सुतार होता. बायको गेल्यावर त्याने एकट्याने मुलीला, व्हर्निसला, वाढवले होते. आता तिचे लग्न झाले होते आणि तो तिच्यासाठी लाकडाचे घर बांधत होता.

दुकानात तो मला आणि दुसऱ्या एका पातळ पट्टीला बोटांत धरून बराच वेळ उभा राहिला. व्हर्निस कंटाळून म्हणाली, "पापा, दोन्ही सारख्याच तर दिसतात."

"आज दिसतात," तो म्हणाला. "आपल्या घरावर रोज समुद्राचा फवारा येणार. शिवाय लाकडात वाळवीचं औषध मुरवलंय, ते जस्ताचा असा पातळ थर असलेली पट्टी खाऊन टाकतं. मी मेल्यावर तुझ्या डोक्यावर काय राहणार, ते मला आज बघायला हवं."

खिळेही त्याने तसेच निवडून घेतले. आखूड, जाड, माझ्याच भोकांच्या मापाचे आणि माझ्यासारखेच जस्त चढवलेले.

व्हर्निसचा नवरा अर्बेन कोळी होता. समुद्रावर तरबेज, पण हातोडा हातात आला की अंगठाच ठेचून घ्यायचा. सासरा वर चढून खिळे ठोकत असे आणि तो खालून खिळे पुरवत असे. माझ्या प्रत्येक भोकात खिळा जाताना बघून तो म्हणाला, "पापा, एवढे खिळे मारलेत तर याचं घर नाही राहणार, फुगलेला काटेरी मासा होईल."

"तुझ्या जाळ्याचा एक फास तुटला तर मासा कुठून पळतो?" जोझाफाटने विचारले.

"तिथूनच."

"मग गप खिळे दे."

ठोकून झाल्यावर त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. ही त्याची सवयच होती. स्वतःचे असो की दुसऱ्याचे, कोणतेही काम तो असा हात फिरवून बघितल्याशिवाय पास करत नसे. त्या अंगठ्याचा खरखरीतपणा मला अजून आठवतो.

घर उभे राहिले. दोघांच्या आग्रहाखातर जोझाफाटही तिथेच राहू लागला. माझ्या खोलीत सकाळी कोकोचा वास यायचा, दुपारी भाजलेल्या नीरफणसाचा. संध्याकाळी सासरा-जावई डॉमिनो खेळायला बसत आणि एकमेकांवर लबाडीचे आरोप करत. अर्बेनला वडील असे कधी मिळालेच नव्हते. तो डाव हरला तरी खूश असायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

मग एके दिवशी जोझाफाट एका चर्चच्या कामावर शिडीवरून खाली उतरला तो कोसळलाच. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणे जड झाले. त्याला इस्पितळात ठेवले.

आमच्या घराला चार-पाच पायऱ्या होत्या आणि खोल्या अरुंद. तो घरी आला की त्याची चाकाची खुर्ची फिरणार कशी? अर्बेनने ठरवले की घराला लागून, जमिनीलगत एक नवी खोली काढायची. रुंद दाराची, समुद्र दिसेल अशा खिडकीची. त्याने होडी ओढून किनाऱ्यावर ठेवली आणि हातोडा घेतला. अंगठे ठेचून घेत, शेजाऱ्यांना विचारत त्याने भिंती उभ्या केल्या, वासे चढवले. जुन्या घराच्या कामातून उरलेला एक तुकडा नव्या लाकडाला टेकवून माप घेताना तो स्वतःशीच हसायचा. पापांना आवडेल, असे व्हर्निसला दिवसातून कितीदा तरी सांगायचा.

पट्ट्यांपाशी गाडी अडली. माझ्या जातीच्या पट्ट्या दुकानात संपल्या होत्या आणि पुढचे जहाज लांबले होते. शिल्लक होत्या त्या पातळ. तसले जाड खिळेही मूठभरच उरलेले. त्याने त्या पातळ पट्ट्या घेतल्या आणि प्रत्येकीला वर एक, खाली एक असे दोन-दोन खिळे मारले. जहाज आले की जाड पट्ट्या लावून सगळी भोके भरायची, असे त्याने मनाशी ठरवले होते. तेवढ्यात इस्पितळातून निरोप आला की म्हाताऱ्याला उद्याच घेऊन जा. खोली उघडीबोडकी दिसू नये म्हणून अर्बेनने घाईघाईने आतून छताला फळ्या मारल्या. फळ्यांमागे त्या पट्ट्या झाकल्या गेल्या.

जोझाफाट आला. खुर्चीत बसून त्याने खोली बघितली, खिडकीतून समुद्र बघितला. त्याचे डोळे भरून आले. मग जड जिभेने त्याने विचारले, "भोकं... सगळी भरलीस ना?"

अर्बेनने छताच्या फळ्यांकडे बघितले. म्हातारा इतका आनंदात होता.

"भरली, पापा," तो म्हणाला.

जहाज आले. अर्बेनने पट्ट्याही आणल्या, खिळेही आणले. पण आता त्या लावायच्या तर छताच्या फळ्या उचकटाव्या लागणार आणि खोटे उघडे पडणार. शिवाय मासेमारीचा हंगाम सुरू झाला होता. आज नाही तर पुढच्या आठवड्यात, असे होत राहिले. भिंतीपलीकडून त्याचा उसासा ऐकू यायचा, तेव्हा मला काही कळायचे नाही. नंतर कळले.

वादळाची सूचना रेडिओवर सकाळीच आली. गावातले लोक चर्चकडे निघाले. जोझाफाट जायला तयार नव्हता. स्वतः बांधलेले घर सोडून बाकावर अंग आखडून पडायला मी काय पाहुणा आहे, असे त्याने व्हर्निसला सुनावले. तीही थांबली. दुपारी आभाळ काळे झाले. समुद्र गरजू लागला आणि पत्रे थरथरायला लागले.

माझ्या बाजूच्या जुन्या खोलीत व्हर्निस दाराला फळी लावत होती. पलीकडच्या नव्या खोलीतून अर्बेनचा आवाज आला.

"पापा, चला, जुन्या खोलीत जाऊ. मी उचलून नेतो."

"का?"

"तिकडे बरं आहे."

"ही खोली तूच बांधलीस ना?"

वाऱ्याचा नुसता घोंगावणारा आवाज येत होता.

"मग मला इथेच राहू दे," म्हातारा म्हणाला. "माझ्या लेकाच्या खोलीत."

त्याने अर्बेनला 'लेक' म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. अर्बेन रडतच ओरडला, "पापा, मी खोटं..." आणि बहुधा त्याला उचलायला वाकला. तेवढ्यात वारा आला.

माझा वासा कण्हला. माझे सगळे खिळे ताणले गेले. शेजारच्या वाशांवरच्या माझ्या बहिणीही ताणल्या गेल्या. आम्ही धरून राहिलो. भिंतीपलीकडे मात्र लाकूड फाटल्याचा आवाज झाला, आणि नव्या खोलीचे छप्पर उचलले जाऊन अंगणापलीकडे गेले. जाताना एक तुळई खाली पडली. अर्बेनचा खांदा मोडला. जोझाफाट त्या तुळईखाली गेला.

वादळानंतर खूप लोक घर बघायला आले. गावातली कितीतरी घरे भुईसपाट झाली होती, पण जोझाफाटने बांधलेल्या खोल्यांचा एक पत्राही हलला नव्हता. लोक वर बोट दाखवून माझे कौतुक करायचे. म्हाताऱ्याचा हात काय होता बघा, म्हणायचे. अर्बेन गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात उभा राहून ते ऐकायचा. मित्रांनो, कौतुक इतके कडू असू शकते हे मला तेव्हा समजले.

दफन झाल्यावर काही दिवसांनी त्याला झुडपात छपराचा एक तुकडा सापडला. त्याला पातळ पट्टी लोंबत होती. तिची जवळजवळ सगळी भोके रिकामी होती. तो तुकडा त्याने व्हर्निसपुढे आणून ठेवला आणि सगळे सांगितले. जहाजाचे, फळ्यांचे आणि त्या एका शब्दाचेही.

व्हर्निस कंद सोलत होती. ती सोलतच राहिली. अर्बेन म्हणाला, "शिव्या दे. घराबाहेर काढ. काहीतरी बोल."

तिने सुरी खाली ठेवली.

"पापांनी आयुष्यात कोणाचं काम हात फिरवून बघितल्याशिवाय सोडलं नाही," ती म्हणाली. "माझा शिवणकामाचा टाकासुद्धा नाही. डावा हात चालत होता त्यांचा. एक फळी काढून दाखव म्हणाले असते तर तू काढली असतीस. तुला त्यांनी फक्त विचारलं."

मग तिने उरलेला कंद सोलायला घेतला.

ते वेगळे झाले नाहीत. जुन्या खोल्यांत दोघे राहतात. नवी खोली पुन्हा बांधली नाही. तिथे गवत वाढले आहे. माझ्याकडेही आता कोणी बघत नाही. जस्त जागोजागी उडाले आहे आणि एका कडेला तांबूस गंज धरला आहे.

परवा संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि वारा वाढला. वारा वाढला की अर्बेन उठून अंगणात जाऊन बसतो. व्हर्निसने दारातून हाक मारली, "आत ये."

"तू थांब आत," तो म्हणाला. "ते छप्पर त्यांनी तुझ्यासाठी बांधलंय."

ती डोक्यावर टॉवेल घेऊन बाहेर गेली आणि पावसात त्याच्या शेजारी बसली. माझ्याखालची खोली रिकामी होती. दिवा तेवढा जळत होता. तरी वारा येईल तसा मी वासा ओढून धरत होते, कारण मला दुसरे काही करता येत नाही.

मित्रांनो, एखाद्या कोरड्या, स्वच्छ दिवशी शिडी लावा. घरातल्या कोणाला तरी ती धरायला सांगा आणि वर येऊन आमच्याकडे बघा. गंज दिसला तर पट्टी बदला. आणि एखादे भोक रिकामे दिसले, तर ते ज्याने सोडले त्याच्यावर रागावू नका. त्याला जवळ बोलवा, खिळा द्या आणि दोघे मिळून तो ठोका.